क्लिपचा टाय वेगळा, झिपचा टाय वेगळा

"क्लिपवाला टाय आहे का?" असं विचारत गिऱ्हाईक येतं. मी क्लिपचा टाय काढून काउंटरवर ठेवतो. तो उलटसुलट करून बघतात आणि म्हणतात, "हा नाही हो काका, तो गळ्यात घालून वर सरकवायचा असतो तो." म्हणजे यांना हवा असतो झिपचा. तासाभराने दुसरं कुणी येतं, "रेडीमेड टाय द्या" म्हणतं, आणि त्याला हवा असतो क्लिपचा. पुण्यात लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत आम्ही गणवेश शिवून देतो. सिक्युरिटीचे, हॉटेलांचे, शाळांचे, कारखान्यांच्या ऑफिसांचे. बावीस वर्षं काउंटरच्या या बाजूला उभा आहे आणि बावीस वर्षं हा एकच घोळ बघतो आहे. मोठ्या माणसाने क्लिपचा टाय लावावा की गाठीचा, यावर लोक तावातावाने बोलतात. पण बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोळ्यासमोर क्लिपचा टाय नसतोच, झिपचा असतो.

गाठीच्या टायबद्दल फार सांगत बसत नाही, तो तुम्हाला माहीत आहे. साधारण 58 इंच लांब पट्टी, एक टोक रुंद, एक निमुळतं, गाठ आपण मारायची, रुंद टोक पट्ट्याच्या बक्कलपाशी यायला हवं. सिंगल नॉट की डबल नॉट यावरही मी वेळ घालवणार नाही. केंब्रिजच्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये हिशेब मांडून टायच्या 85 गाठी शक्य आहेत असं दाखवलं. रोजच्या कामाला त्यातली एक पुरते, साधी सिंगल नॉट, जिला फोर-इन-हँड म्हणतात. आरशासमोर एक संध्याकाळ घालवली की ती हाताला बसते.

तयार गाठीच्या टायकडे येऊ, कारण घोळ तिथे आहे. तयार गाठीचे टाय तीन तऱ्हेचे. पहिला शाळेतला इलॅस्टिकचा, तो आपण सगळ्यांनी घातलेला आहे. दुसरा झिपचा. त्याची गाठ आतून पोकळ असते, गाठीत झिपचा रनर लपवलेला असतो, गळ्यात अडकवायचा आणि गाठ वर सरकवायची. तिसरा क्लिपचा. त्याला गळ्याभोवती जाणारी पट्टीच नसते. गाठीच्या मागे धातूची चपटी क्लिप असते, तिचे दोन पंख कॉलरच्या दोन्ही पाकळ्यांखाली जातात आणि मधली चिमटी शर्टाच्या वरच्या बटणापाशी कापडाची कड धरते. झालं. मानेमागे काही नाही, कानाखाली काही नाही.

आता फरक बघा. लोक या तिघांना एका बाजूला ठेवतात आणि गाठीच्या टायला दुसऱ्या बाजूला, कारण ते 'कोण गाठ मारतं' हे बघतात. मी टाय शिवतो, म्हणून मला 'टाय कशाला धरून आहे' हे आधी दिसतं. गाठीचा, इलॅस्टिकचा आणि झिपचा हे तिन्ही मानेला धरून असतात. एकटा क्लिपचा टाय शर्टाला धरून असतो. ओढाताण झाली तर पहिले तीन माणसाला घेऊन खाली येतात. क्लिपचा टाय एकटाच ओढणाऱ्याच्या हातात येतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सिक्युरिटी एजन्सीने चाळीस टाय मागवले. फोनवर मी मुद्दाम विचारलं, "क्लिपचे ना?" पलीकडून उत्तर आलं, "तेच ते हो, रेडीमेड." मी क्लिपचे पाठवले. ते परत आले, 'असले नकोत, सरकवायचे पाठवा' अशी चिठ्ठी लावून. मी समजावायचा प्रयत्न केला, ऐकलं नाही. शेवटी दिले झिपचे. पुढे महिनाभराने त्यांचा एक गार्ड दुकानात आला, पंचविशीचा पोरगा. गर्दीच्या कार्यक्रमाला गेटवर उभा असताना कुणीतरी टाय धरून त्याला खाली खेचलं होतं. झटापटीत गाठीचं कापड झिपच्या दातात गेलं आणि झिप जिथल्या तिथे रुतली. सोबत्याने तो कसाबसा डोक्यावरून काढला होता. मानेवर उजव्या बाजूला बोटभर रुंदीचा लाल वळ होता, झिपच्या दातांच्या बारीक खुणांसकट. तो टाय मी कात्रीने उसवून बघितला. नायलॉनचे दोन दात तुटले होते, पण झिप एक इंचही मागे सरकत नव्हती. पोरगं सांगत होतं, "काका, मला वाटलं हे सुटतं." त्याला तसंच सांगितलं होतं.

ते 'सुटतं' हा समज इथून येतो. बाहेरच्या देशांत पोलिस आणि सुरक्षारक्षक तयार गाठीचा टाय लावतात, हे लोकांनी ऐकलेलं असतं. खरंच आहे ते. ब्रिटनचे पोलिस कित्येक वर्षं क्लिपचाच टाय लावत आले, तो एवढ्याचसाठी की कुणी धरला तर निघून यावा. पण ऐकणारा त्यातलं 'तयार गाठीचा' एवढंच लक्षात ठेवतो आणि बाजारातून झिपचा घेऊन येतो, कारण इथे दुकानांत तोच जास्त मिळतो. झिपच्या टायचा शेंडा ओढला तर झिप कधी उघडते, कधी मिटते, मुठीत पुढचा पदर आला की मागचा की दोन्ही यावर ते ठरतं. आणि पुरती उघडली तरी मानेभोवतीचा फास तुटत नाही, सैल होतो इतकंच. इलॅस्टिकचं तेच. ताणतं आणि परत येतं, सुटत मात्र नाही. मानेमागे वेलक्रोचा जोड दिलेलेही टाय निघतात. ते ओढल्यावर उघडतात, म्हणून मी त्यांना क्लिपच्या टायच्या पंगतीला बसवतो.

भोसरी, चाकणकडच्या कारखान्यांचे सुपरवायझर हा माझ्या काळजीचा दुसरा विषय. ऑफिसातून मशीनशॉपमध्ये जाताना टाय दोन बटणांच्या मध्ये शर्टात खोचायचा, ही तिथली रीत. लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, वाकून जॉब बघताना तो खोचलेला टाय बाहेर यायला किती वेळ लागतो? फिरता चक, म्हणजे जॉब धरून फिरणारा भाग, कापड ओढतो तेव्हा माणसाचा हात मशीन बंद करायच्या बटणापर्यंत पोचत नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात, कलम 22 मध्ये, चालत्या यंत्राची तपासणी किंवा वंगण करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असं होतं. ते लिहिणाऱ्यांना लोंबणारं कापड काय करतं हे ठाऊक होतं. माझं मत विचाराल तर शॉपफ्लोअरवर कुठलाच टाय नको, क्लिपचासुद्धा नको. टाय काढून टेबलाच्या खणात ठेवा आणि मग आत जा. क्लिपच्या टायचा तिथे फायदा एवढाच की तो एका झटक्यात निघतो आणि परत लावायला आरसा लागत नाही, त्यामुळे माणूस काढायचा कंटाळा करत नाही.

एक सूचना इथेच देतो, कारण ती चूक मी वारंवार बघतो. क्लिपचा टाय सुरक्षिततेसाठी लावायचा आणि मग तो हलू नये म्हणून खाली टाय पिन लावून शर्टाला जखडायचा. असं केलं की ओढणाऱ्याच्या हातात टायबरोबर अख्खा शर्ट येतो. गार्डने पिन लावू नये.

आता ज्यांना वाटतं की आपण गाठीचा टाय वापरतो, त्यांच्याबद्दल. कपाट उघडा. टाय खुंटीला गाठीसकट लटकतोय का? एकदा कुणीतरी, वडिलांनी किंवा रूममेटने, गाठ मारून दिलेली, आणि तेव्हापासून तो सैल करून डोक्यावरून काढायचा आणि तसाच परत घालायचा, असं चाललंय का? मग तुमचाही टाय रेडीमेडच झाला, आणि तोही वाईट रेडीमेड. ही सवय मला मनापासून टोचते. चांगल्या टायचं कापड उरेब कापलेलं असतं, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याला तिरकं. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने 1920 च्या दशकात ही तीन तुकड्यांची तिरकी कापणी रूढ केली. त्याआधीचे टाय पिळवटायचे, सुरकुत्या पडून तसेच राहायचे. उरेब कापडाला अंगची थोडी ताण असते, आत सैल अस्तर असतं, मागे एक लांब सैल टाका असतो. गाठ सोडली की रात्रीतून हे सगळं आपल्या जागी परत येतं. गाठ वर्षभर तशीच ठेवली तर अस्तर तिथे कायमचं दुमडतं, घामाचे डाग गाठीच्या आतल्या घडीत बसतात, आणि गाठीखाली जी सुरेख खळी पडायला हवी तिथे चपटी चुणी पडते. दुरुस्तीला असे टाय येतात. आम्ही गाठ उकलतो तर मधलं कापड वेगळ्याच रंगाचं निघतं. शेंडा उन्हाने फिकटलेला आणि गाठीच्या आतली वीतभर पट्टी नव्यासारखी गडद. तो टाय मग दुरुस्त होत नाही.

दिसण्याचं बोलू. क्लिपचा टाय ओळखू येतो, असं लोक म्हणतात. कॉलर कुठली आहे त्यावर ते आहे. कॉलरची टोकं जवळजवळ असतील तर गाठीच्या दोन्ही बाजू झाकल्या जातात आणि पट्टी आहे की नाही ते कळत नाही. टोकं लांब फाकलेली असतील तर गाठीच्या शेजारी टायची पट्टी दिसायला हवी, ती दिसत नाही, आणि बघणाऱ्याला कळतं. वरचं बटण लावलं नाही तर चिमटीला धरायला नीट कड मिळत नाही, टाय पुढे झुकतो आणि मागची पत्र्याची चकाकी दिसते. म्हणजे क्लिपच्या टायला दोन अटी, बंद बटण आणि मिटलेली कॉलर. शिवाय लांबी ठरलेली असते. आम्ही 18, 20 आणि 22 इंच ठेवतो. सहा फुटी माणसाने 18 इंची लावला तर तो बेंबीच्या वर संपतो आणि शाळकरी दिसतो. नावं मग क्लिपला ठेवली जातात, चूक मापाची असते.

'रेडीमेड म्हणजे खोटं' हे मात्र मला पुण्यात ऐकून घ्यायला जड जातं. आपली पुणेरी पगडी बघा. ती तयारच मिळते. कुणी घरी आरशासमोर रोज बांधत बसत नाही. कारागीर बांधून, टाचून देतो आणि आपण डोक्यावर ठेवतो. त्या पगडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, सत्कारात ती मानाने घातली जाते, आणि कुणी म्हणत नाही की तुम्ही ती स्वतः बांधली नाही. फेट्याचं उलट आहे. फेटा डोक्यावर बांधून घेण्यातच त्याची शान आहे, कारण त्या डोक्याच्या मापाने तो बसतो, तुरा तिथेच उभा राहतो. दोन्ही आपलेच आणि दोन्हींचा मान सारखाच. तयार असण्यात कमीपणा नाही, फक्त कुठली वस्तू कुणी बांधल्याने खुलते हे कळायला हवं. टाय हा फेट्याच्या जातीचा आहे. तो हाताने बांधल्यावर किंचित तिरपा, किंचित जिवंत दिसतो, आणि साच्यातली गाठ तशी कधीच दिसत नाही. म्हणून लग्नाला, मुलाखतीला, जिथे कुणी तुमचा गळा धरणार नाही आणि जिथे तुम्ही दहा मिनिटं लवकर तयार होऊ शकता, तिथे मी गाठीचाच सांगतो. आग्रहाने सांगतो.

आणि जिथे काम हाताचं, गर्दीचं, ओढाताणीचं आहे तिथे क्लिपचा, तितक्याच आग्रहाने. गेटवरचा गार्ड, इव्हेंटचा बाउन्सर, मनोरुग्णालयातला कर्मचारी. हाताच्या बोटांना कंप असलेले आजोबा किंवा पक्षाघातानंतर एका हाताने कपडे करणारा माणूस यांनाही क्लिपचा. त्यांना कुणी 'गाठ मारायला शिका' म्हणू नये. मोटरसायकलवरून दवाखाने फिरणाऱ्या एमआर, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधी मुलांनाही मी क्लिपचा देतो. सिग्नलला टाय काढून खिशात टाकतात आणि डॉक्टरांच्या दाराशी लावतात. झिपचा टाय मी कुणालाच स्वतःहून दाखवत नाही. गाठीच्या टायचं रूप त्याच्यात नाही आणि क्लिपची सुटका त्याच्यात नाही.

बो टायलाही हेच सगळं लागू. साध्या टायच्या रुंदीचं म्हणाल तर कोटाच्या लॅपलइतकी, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीइतकी ठेवा, संपलं. वकिलांचे पांढरे बँड हा टायचा प्रकार नव्हे, वेगळीच वस्तू. बार कौन्सिलच्या नियमात जिल्हा आणि सत्र न्यायालयांखालच्या कोर्टांत बँडऐवजी काळा टाय चालतो. तो गाठीचा लावा, तुम्हाला तिथे कुणी खेचत नाही.

दुकानात गेलात की नावावर विसंबू नका. विक्रेता क्लिपला झिप म्हणेल, झिपला क्लिप म्हणेल, दोन्हींना रेडीमेड म्हणेल. टाय उलटा करा आणि मागे बघा. गळ्यात जाणारी अखंड पट्टी दिसली तर तो मानेचा टाय. फक्त पत्र्याची चिमटी दिसली तर तो शर्टाचा. मग शर्टाचं वरचं बटण लावून तो अडकवा आणि बरोबरच्या माणसाला शेंडा धरून जोरात ओढायला सांगा. माझ्या दुकानात मी स्वतः ओढून दाखवतो. चिमटी इतकी घट्ट असेल की कॉलर फाटायची वेळ येते, तर ती पक्कडीने थोडी सैल करून देतो. इतकी सैल असेल की मान वळवल्यावर पडतो, तर बदलून देतो. चालताना पडू नये आणि झटक्यात निघावा, एवढी पकड हवी. घेताना वरचं बटण लागेल असाच शर्ट घालून या, टी-शर्टवर हे बघता येत नाही.