आठ ग्रॅम लोखंड: भूसुरुंगबंदीची पार्श्वभूमी

आमच्या दापोलीकडे सुरुंग म्हणजे विहिरीचा. काळवत्री लागली की सुरुंगवाला येतो, आरोळी देऊन माणसांना लांब पाठवतो आणि मगच बार उडवतो. भूसुरुंग मात्र माणसाच्याच पावलाची वाट बघत पडलेला असतो.

शेजारच्या वाडीतल्या काकांचा डावा पाय २००२ साली त्यानंच नेला. संसदेवरच्या हल्ल्यानंतर पश्चिम सीमेवर पेरलेले सुरुंग तेव्हा परत काढायचं काम चालू होतं. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांना शेवाळ धरलं की काका आधी काठी टेकतात, मग उजवा पाय, शेवटी रबरी. "ह्या पायाला शेवाळ कळत नाही रे," म्हणतात.

१९८० मध्ये जिनिव्हात झालेल्या करारानं या सुरुंगांच्या वापरावर बंधनं घातली, बंदी नव्हे. कंबोडिया, अफगाणिस्तान, अंगोला इथं लढाया थांबल्यावरही शेतकऱ्यांचे, पोरांचे पाय जातच राहिले. त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर, कृत्रिम पाय बसवणारे, सुरुंग काढणारे अशांच्या सहा संस्था १९९२ मध्ये एकत्र आल्या आणि सरसकट बंदी मागू लागल्या. जोडी विल्यम्स त्यांच्या समन्वयक.

मे १९९६ मध्ये जुने नियम थोडे कडक झाले. सुरुंग यंत्रानं सापडावा म्हणून त्यात निदान ८ ग्रॅम लोखंडाइतका धातू हवा, असं ठरलं. मोहीमवाल्यांना हे पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. आमच्या अंगणातला जांभा तांबडा आहे तो लोहामुळेच. कंबोडिया, अंगोला, मोझांबिकमध्ये बऱ्याच ठिकाणी अशीच माती. तिथं धातुशोधक यंत्र मातीवरच वाजतं, आणि जुन्या प्लास्टिकच्या सुरुंगांत तर ८ ग्रॅमही धातू नसतो. मग माणूस गुडघ्यावर बसून सळई तिरकी खुपसत वीतवीत जमीन तपासतो. त्यात पूर आला की सुरुंग जागा सोडतात. २०१४ मध्ये बोस्नियात तेच झालं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. पुढे आफ्रिकेतले मोठे उंदीर शिकवून तयार केले गेले. ते धातू शोधत नाहीत, स्फोटकाचा वास घेतात. मगावा नावाच्या एकट्या उंदरानं कंबोडियात ७१ सुरुंग दाखवले.

ऑक्टोबर १९९६ मध्ये कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड अ‍ॅक्सवर्दी यांनी ओटावात जमलेल्या देशांना सांगून टाकलं: वर्षभरात बंदीच्या करारावर सह्या करायला परत या. ओस्लोत मसुदा ठरला, ३ आणि ४ डिसेंबर १९९७ ला १२२ देशांनी सह्या केल्या. त्याच वर्षीचं शांततेचं नोबेल मोहिमेला आणि विल्यम्स यांना मिळालं. १ मार्च १९९९ पासून करार लागू झाला: साठा चार वर्षांत नष्ट करायचा, जमीन दहा वर्षांत मोकळी करायची, जखमींना मदत करायची. मोझांबिकमधलं युद्ध १९९२ मध्ये संपलं होतं; देश सुरुंगमुक्त जाहीर व्हायला २०१५ उजाडलं.

अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान करारात नाहीत, भारतही नाही. लांबलचक सीमा हे आपलं कारण. १९९६ चे नियम मात्र आपण मान्य केले आहेत. सीमेची काळजी मला पोकळ वाटत नाही, तरी काकांच्या पायरीवर बसून ती पुरतीही वाटत नाही.

२०२५ मध्ये फिनलंड, पोलंड, लिथुआनिया, लातव्हिया आणि एस्टोनिया यांनी रशियाच्या भीतीनं करार सोडायचं ठरवलं. काकांना बातमी वाचून दाखवली. "पेरायला दिवस लागत नाहीत," ते म्हणाले, "नकाशे तेवढे नीट ठेवा म्हणावं."