सहा महिन्यांनंतर तोल सुधारत नाही, हा समज चुकीचा आहे

मेंदूला इजा झाल्यावर पहिल्या ६ महिन्यांत होईल तेवढीच सुधारणा, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते आणि त्यामुळे अनेक घरांत व्यायाम मध्येच बंद पडतो. सुरुवातीला सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो हे खरे. परंतु मेंदूची नव्याने शिकण्याची क्षमता त्या मुदतीनंतर संपत नाही.

तोल सांभाळताना मेंदू डोळे, अंतर्कर्ण आणि पाय व सांध्यांतील संवेदना यांचा मेळ घालतो. इजेनंतर हा मेळ बिघडला की बरेच रुग्ण डोळ्यांवरच विसंबून राहतात आणि म्हणून अंधारात किंवा गर्दीत त्यांचा झोक जातो. आभासी वास्तवाचा, म्हणजे डोळ्यांवर लावलेल्या हेडसेटमधून संगणक दाखवतो त्या कृत्रिम दृश्याचा (व्हर्च्युअल रिॲलिटी), खरा उपयोग इथेच आहे. कमरेला सुरक्षापट्टा बांधून उभ्या असलेल्या रुग्णाच्या डोळ्यांपुढची भिंत कलते, पायाखालची जमीन मात्र स्थिरच असते, आणि घोट्यातून तोल सावरत पावलांच्या संवेदनेवर भरवसा ठेवायला तो पुन्हा शिकतो.

मात्र हेडसेट लावला की काम झाले, हा समजही तितकाच घातक आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये केलेल्या, पक्षाघाताच्या रुग्णांवरील ७२ चाचण्यांच्या आढाव्यात, हाताच्या हालचालींसाठी हे तंत्र नेहमीच्या उपचारांहून सरस ठरले नाही. त्यांना जोड म्हणून वापरून सरावाचा वेळ वाढवला, तेव्हा फायदा दिसला. फिट येत असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट वापरू नये, आणि घरी एकट्याने उभे राहून तर मुळीच नाही, कारण त्यात स्वतःची पावलेही दिसत नाहीत.