दहशतवाद : सरकारने मिरवलेला, मग विरोधकांना चिकटवलेला शब्द

जुन्नर भागात बिबट्याची दहशत, गावात गुंडांची दहशत. इतका अंगवळणी पडलेला हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला. त्याचे मूळ अरबी. अरबीत 'दहशा' म्हणजे थक्क होणे. फारसीत त्यात भय शिरले आणि मराठीने तेच उचलले. पुढे त्याला संस्कृत 'वाद' जोडला गेला. हिंदीने 'आतंक' पसंत केला. चरकसंहितेच्या निदानस्थानात आतंक हा व्याधी, आमय, गद यांच्या जोडीने चक्क रोगाचा पर्याय आहे.

'दहशतवाद' ही राजकीय संज्ञा मात्र फ्रान्सची, आणि तिचा जन्म सरकारच्या दारात झाला, हे आज जवळजवळ विसरले गेले आहे. ५ सप्टेंबर १७९३ रोजी पॅरिसच्या राष्ट्रीय सभेत दहशत हाच कारभाराचा मुख्य विषय करा, अशी मागणी झाली. राज्यक्रांतीच्या शत्रूंना जरब बसावी हा हेतू. बारा दिवसांनी संशयितांना अटक करण्याचा कायदा आला. फेब्रुवारी १७९४ मध्ये राज्यक्रांतीचा प्रमुख नेता रोबेस्पिएर याने भाषणात दहशतीला तत्पर, कठोर न्याय म्हटले. जूनमधील कायद्याने आरोपीचा वकील काढून घेतला. निकाल दोनच उरले, सुटका किंवा मृत्यू. न्यायालयांनी सुनावलेल्या मृत्युदंडांचीच संख्या सुमारे १७ हजार भरते. २८ जुलैला रोबेस्पिएर स्वतः गिलोटिनखाली, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्राखाली गेला आणि त्याला पाडणाऱ्यांनी त्या राजवटीला दूषण म्हणून 'दहशतवाद' हा शब्द रूढ केला. १७९८ च्या फ्रेंच अकादमीच्या कोशात त्याचा अर्थ 'दहशतीची राजवट' असाच आहे.

एकोणिसाव्या शतकात शब्दाची दिशा फिरली. १८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याला मारणारे रशियन क्रांतिकारक त्याखाली आले. मग हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारने तो क्रांतिकारकांसाठी वापरला. १९३२ मध्ये बंगालात केलेल्या कायद्याच्या नावातच तो आहे. फेब्रुवारी १९३१ मध्ये, फाशीच्या काही आठवडे आधी, भगतसिंगांनी तरुण कार्यकर्त्यांना लिहिले की आपण दहशतवादी नाही. सुरुवातीचा काळ कदाचित सोडला तर कधीच नव्हतो. सत्तेने दिलेले नाव त्यांनी इतक्या स्पष्टपणे परतवले, हे मला फार मोलाचे वाटते.

या विषयावरच्या सर्वंकष करारासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९६ मध्ये समिती नेमली. सरकारी फौजांची कृत्ये व्याख्येत धरायची का आणि परकीय सत्तेविरुद्धचे लढे वगळायचे का, यावर तो करार अजून अडलेला आहे.