हात बसतो तेव्हा

काम नवं असतं तेव्हा माणूस मनातल्या मनात पुटपुटत असतो, आधी हे, मग ते. काही महिन्यांनी पुटपुटणं थांबतं. आपण म्हणतो, हात बसला.

हात बसण्याचा सुरुवातीचा एक बारकाईचा अभ्यास तारमास्तरांवर झाला. अमेरिकेत विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ व १८९९ साली तो प्रसिद्ध केला. तार ऐकून उतरवून घेणाऱ्या शिकाऊंचा वेग आधी वाढायचा, मग बराच काळ अडून बसायचा आणि अचानक पुन्हा चढायचा. सुरुवातीला कान एकेक अक्षर टिपतो, पुढे अख्खा शब्द, त्याहीपुढे शब्दांचे पुंजके. (मधलं ते पठार नंतरच्या संशोधकांना दरवेळी सापडलं नाही, पण पुंजक्यांची कल्पना टिकली.)

हे कसब मेंदूत वेगळ्या खात्यात जमा होतं. एच. एम. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाला मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर नवं काही लक्षात राहत नसे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला, पण हे आपण आधी केलंय हे त्याला आठवतच नव्हतं! मुरलेल्या कारागिराला ‘कसं करता?’ विचारलं की तो ‘बघ, असं’ म्हणून करूनच दाखवतो, ते उगाच नाही.

गोम अशी की हात चुकीच्या पद्धतीवरही तितकाच पक्का बसतो. डॉक्टरांचा अनुभव आणि उपचारांचा दर्जा यांची सांगड तपासणाऱ्या ६२ अभ्यासांचा आढावा २००५ मध्ये निघाला. त्यातल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत वर्षं वाढली तसा दर्जा घसरलेला दिसला. जुनं ज्ञान मागे पडणं हे एक कारण असावं. मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं: आपलं चुकलं हे कळायलाच हवं ना? हवामानाचा अंदाज वर्तवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आभाळच उत्तर देतं. स्तनांचे एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरच्या नजरेतून सुटलेली गाठ मात्र कित्येक महिन्यांनी, कदाचित दुसऱ्याच रुग्णालयात उघड होते.

म्हणून ब्रिटनमध्ये या डॉक्टरांना निदान आधीच पक्कं झालेल्या चित्रांचे संच वाचायला देतात. मत नोंदवलं की खरं उत्तर लगेच समोर येतं.