यूएसबी टेस्टर

चार्जर आणि उपकरण यांच्या मध्ये जोडायचे छोटे मापक. त्यातून जाणारा विद्युतदाब, प्रवाह आणि शक्ती ते पडद्यावर दाखवते. बहुतेक टेस्टर किती मिलिअँपिअर-तास आणि वॉट-तास गेले याची बेरीजही ठेवतात. केबलच्या पिना तपासणारी दिव्यांची पट्टीसुद्धा याच नावाने विकली जाते. ती केबलची दोन्ही टोके लावल्यावर कोणत्या तारा जोडलेल्या आहेत एवढेच सांगते. तारेतून किती वीज नीट जाईल याबद्दल ती गप्प असते. ‘केबल टेस्टर’ म्हणून अशी पट्टी घेणाऱ्याचा बहुधा इथेच घोटाळा होतो.

मापकाच्या आत विजेच्या वाटेवर शंट, म्हणजे अगदी कमी रोधाचा एक रोधक असतो. त्याच्या दोन टोकांमधला सूक्ष्म दाब मोजून प्रवाह काढला जातो. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअरच देई, तोवर एवढे पुरेसे होते. पुढे बॅटरी चार्जिंगच्या मानकाने प्रवाह १.५ अँपिअरपर्यंत नेला, क्विक चार्ज या जलद चार्जिंगच्या पद्धतीने दाब वाढवण्याची सोय केली. यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, आल्यावर तर चार्जर आणि फोन आधी आपसांत बोलणी करून ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरवू लागले. पीडीच्याच पीपीएस या प्रकारात फोन २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी दाब मागू शकतो. २०२१ साली आलेल्या पीडी ३.१ ने २८, ३६ आणि ४८ व्होल्टची भर घालून कमाल मर्यादा २४० वॉटपर्यंत नेली.

पीडीची बोलणी टाइप-सी जोडणीतल्या सीसी या वेगळ्या तारेवरून होतात. जुन्या चौकोनी टाइप-ए तोंडाच्या टेस्टरमध्ये ही तारच नसते. तो मध्ये लावला की पीडी बंद पडते आणि दोष चार्जरच्या माथी येतो. काही स्वस्त टेस्टर डेटाच्या दोन ताराही पुढे नेत नाहीत. मग फोनला चार्जर ओळखता येत नाही आणि तो संथ चार्ज होऊ लागतो. म्हणून आज नवा टेस्टर घ्यायचा तर दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेला आणि सर्व तारा आरपार नेणाराच घ्यावा. टाइप-ए तोंड जास्तीचे असले तर उत्तमच.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे दाबाची मर्यादा. १०० वॉटपर्यंतच्या चार्जरसाठी २४ व्होल्ट आणि ५ अँपिअर झेपणारे मापक चालते. लॅपटॉपचा १४० वॉटचा चार्जर मात्र २८ व्होल्टवर जातो, तिथे ते निरुपयोगी ठरते. अचूकतेच्या बाबतीत पडद्यावरच्या चार-पाच दशांश स्थळांना भुलू नये. बारीक आकडा दिसणे आणि तो खरा असणे यांत फरक आहे. माहितीपत्रकात त्रुटीची टक्केवारी दिलेली नसेल तर शेवटची दोन स्थळे शोभेची समजावीत.

केबलची प्रत तपासणे हे या उपकरणाचे खरे काम. पातळ तारेचा रोध जास्त, म्हणून वाटेतच दाब घटतो. २८ गेजच्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार पातळ) तांब्याच्या एक मीटर केबलमध्ये जाण्या-येण्याचा मिळून सुमारे ०.४३ ओहम रोध होतो; २ अँपिअर वाहिले की जवळपास ०.८५ व्होल्ट गळतात आणि ५ चे ४.१५ उरतात. २४ गेजची तार असेल तर हीच घट ०.३४ व्होल्टवर येते. टाइप-सी मानकाला पूर्ण प्रवाहावर पुरवठ्याच्या तारेत ०.५० आणि परतीच्या तारेत ०.२५ व्होल्टपेक्षा जास्त घट मान्य नाही. ३ अँपिअरच्या केबलसाठी याचा अर्थ एकूण ०.२५ ओहमची कमाल मर्यादा.

ही घट मोजताना लोड, म्हणजे वीज ओढणारे उपकरण, स्थिर हवा. फोन त्यासाठी कुचकामी आहे: बॅटरी भरत जाईल, फोन तापेल किंवा दाब घसरेल तसा तो स्वतःच प्रवाह कमी करतो. ‘या केबलवर १० वॉट, त्या केबलवर १५’ अशा तुलनेत त्यामुळे फारसा अर्थ नसतो. ठरवून दिलेला प्रवाह ओढत राहणारे ‘इलेक्ट्रॉनिक लोड’ हे उपकरण घेऊन प्रवाह एकाच आकड्यावर ठेवावा. टेस्टर आधी चार्जरच्या तोंडाशी आणि मग केबलच्या दुसऱ्या टोकाशी लावून दाब वाचावा. दोन आकड्यांतील फरकाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. तोंडांच्या सांध्यांचा रोधही त्यात धरला जातो. टेस्टरच्या किमतीइतकाच खर्च अशा लोडवर करावा लागला तरी तो वाया जात नाही.

दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल ३ अँपिअरहून जास्त नेणार असेल तर तिच्यात ई-मार्कर ही चिप लागते. चांगला टेस्टर ती वाचून केबल किती अँपिअरची आहे ते दाखवतो. ही मात्र निर्मात्याने लिहिलेली माहिती. तांबे तेवढे जाड आहे का, हे रोधच सांगतो. टाइप-ए ते टाइप-सी केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोधक हवा. १० किलोओहमचा बसवला तर चार्जर ३ अँपिअर देऊ शकतो असा फोनचा गैरसमज होतो आणि जुन्या पोर्टवर नको तितका ताण येतो. गूगलचे अभियंता बेन्सन लेउंग यांनी २०१५ पासून अशा सदोष केबल तपासून त्यांची माहिती जाहीर केली. २०१६ मध्ये चुकीच्या जोडणीच्या एका केबलने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला.

पॉवर बँक मोजताना वॉट-तास पाहावेत. १०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ३७ वॉट-तास. मधली गळती सोडली तरी टेस्टरवर ५ व्होल्टला ७,४०० आणि ९ व्होल्टला सुमारे ४,१०० मिलिअँपिअर-तासच दिसतील. एवढ्यावरून फसवणूक झाली असे ठरत नाही.

अनेक टेस्टर ‘ट्रिगर’ वापरून चार्जरकडून हवा तो दाब मागतात. चार्जर काय-काय देतो हे पाहायला ही सोय छान. पण टेस्टरच्या दुसऱ्या टोकाला ५ व्होल्टचे उपकरण लावलेले असेल आणि बोट २० व्होल्टवर पडले, तर ते उपकरण जळू शकते. हा पर्याय वेगळ्या मेनूत दडवलेला किंवा खात्री विचारून मगच चालू होणारा असलेला बरा.