नथ आधी चेहऱ्यावर, मग हातात: ट्राय-ऑन फिल्टर सांगलीच्या सराफ कट्ट्यापर्यंत कसे आले

दागिना विकताना सगळ्यात अवघड काम कुठलं, तर तो गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या अंगावर कसा दिसेल हे दाखवणं. साडी खांद्यावर टाकून बघता येते, चप्पल पायात घालून चार पावलं चालता येतं, पण जतमधून किंवा आटपाडीतून इन्स्टावर रील बघून "दादा ही नथ मला कशी दिसेल" असं विचारणाऱ्या ताईला काय दाखवणार? एआर (ऑगमेंटेड रिअॅलिटी, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर कॉम्प्युटरचं चित्र चढवणं) ट्राय-ऑन फिल्टर म्हणजे याच प्रश्नाला फोनने दिलेलं उत्तर. मी इथल्या दुकानांसाठी फोटो, रील्सचं काम करतो, त्यामुळे हे फिल्टर आले कसे, चालले कसे आणि मधेच गायब का झाले हे कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी आपल्या गावाचं. सांगलीला सोन्याचा धंदा काही आजचा नाही, आज पीएनजी म्हणून जे गाडगीळांचं नाव सगळीकडे दिसतं त्याची सुरुवात १८३२ ला सांगलीतच झाली, पुण्यात लक्ष्मी रोडला दुकान गेलं ते पार १९५८ मध्ये. म्हणजे सव्वाशे वर्षं बाई गादीवर बसली, सराफाने डबी उघडली, हातात आरसा दिला, हीच ट्राय-ऑन होती. आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दागिना बघून तो आपल्याला हवासा वाटणं हेही आपल्याकडं जुनंच. बालगंधर्वांचं घ्या, नागठाण्याशी नातं असलेला माणूस, १९०५ ला मिरजेत शकुंतला म्हणून उभा राहिला आणि पुढं घराघरातल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला, तसे दागिने घालायला लागल्या. इन्फ्लुएन्सर मार्केटिंग म्हणून आज जे शिकवतात ते या जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वी रंगभूमीवर बघितलंय. फक्त नाटक बघून घरी आल्यावर तीच नथ आपल्या नाकात कशी दिसेल हे कळायला पेठेत यावंच लागायचं, ती पायरी कुणाला टाळता आली नव्हती.

आता मशीनकडची बाजू. खऱ्या जगावर कॉम्प्युटरचं चित्र ठेवायचं हे काम दागिन्यांसाठी कुणी सुरू केलेलं नाही. १९६८ ला आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा डिस्प्ले बनवला, तो इतका जड होता की छताला टांगावा लागायचा आणि त्यात दिसायच्या नुसत्या रेषांच्या आकृत्या. नंतर १९९० च्या आसपास बोइंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी विमानाच्या वायरी जोडणाऱ्या कामगारांना समोरच सूचना दिसाव्यात म्हणून यावर काम केलं. १९९९ ला जपानच्या हिरोकाझू काटो यांचं एआरटूलकिट आलं, कागदावर काळा चौकोन छापायचा, कॅमेरा त्याच्यावर धरायचा, की चौकोनावर थ्रीडी वस्तू उभी. पण नाकात नथ घालायला चौकोन कुठं चिकटवणार, चेहराच ओळखता आला पाहिजे ना, आणि ती गोष्ट जमली २००१ मध्ये. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी चेहरा पटकन शोधायची पद्धत मांडली, ती इतकी हलकी होती की साध्या डिजिटल कॅमेऱ्यातसुद्धा चालायला लागली. लग्नात फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यात चेहऱ्याभोवती छोटा चौकोन यायला लागला होता आठवत असेल, तो याच कामाचा पुढचा भाग. माझ्या मते फिल्टरचा खरा जन्म तिथला आहे.

त्यानंतर बराच काळ ही गोष्ट मजेपुरती राहिली. युक्रेनच्या ओडेसामधून आलेली लुक्सरी नावाची कंपनी चेहऱ्याला लाइव्ह व्हिडिओत बदलायची, स्नॅपचॅटने ती २०१५ मध्ये घेतली आणि त्याच सप्टेंबरात लेन्सेस, म्हणजे त्यांचे चेहऱ्यावरचे फिल्टर, आणले. २०१६ च्या मार्चमध्ये फेसबुकने बेलारूसची मास्करेड घेतली, एमएसक्यूआरडी ॲपवाली. कुत्र्याचे कान, लांब जीभ, फुलांचा मुकुट हे सगळं तेव्हाचं. पण जाहिरातवाल्यांनी लगेच ओळखलं की माणूस ही जाहिरात स्वतःच्या चेहऱ्यावर चढवतो आणि स्वतःच चार मित्रांना पाठवतो. २०१६ च्या मे मध्ये टॅको विकणाऱ्या अमेरिकेतल्या टॅको बेलने डोक्याचा टॅको करणारी लेन्स आणली, ती एका दिवसात २२ कोटी ४० लाख वेळा बघितली गेली. पैसे देऊन लेन्स करून घ्यायचा धंदा त्यानंतर जोरात सुरू झाला.

मग खरंच वस्तू विकायला कुणाला पहिल्यांदा जमलं? चष्म्यांना. आणि त्याचं कारण समजून घेतलं तर दागिन्यांचं घोडं कुठं अडतं ते आपोआप कळतं. चष्मा कडक असतो, लोंबत नाही, चेहऱ्याच्या बरोबर मधे बसतो, दोन डोळे आणि नाक सापडलं की काम झालं. काडी कानामागं जाताना दिसू नये म्हणून सॉफ्टवेअर एक न दिसणारं डोकं तयार करतं आणि त्याच्यामागं जाणारा भाग लपवतं. एवढं करूनही साइझचा घोळ राहतोच, कारण साध्या कॅमेऱ्याला चेहरा मोठा आहे की जवळ आहे हे कळतच नाही. २०१७ च्या शेवटी आयफोन एक्स आला, तो चेहऱ्यावर ३० हजारापेक्षा जास्त न दिसणारे ठिपके टाकून खोली मोजायचा, आणि अमेरिकेतल्या वॉर्बी पार्करने २०१९ ला त्याच्याच जोरावर चष्मा घालून बघायची सोय दिली. साध्या फोनसाठी गुगलच्या लोकांनी २०२० मध्ये दुसरा मार्ग काढला तो मला फार आवडतो. डोळ्याच्या बुबुळाचा रंगीत गोल जवळजवळ सगळ्या माणसांत साधारण ११.७ मिलिमीटरच असतो, मग तो फोटोत किती मोठा दिसतोय त्यावरून बाकी सगळं मोजायचं. माणसाच्या डोळ्यातच पट्टी सापडली म्हणायची!

फेसबुकच्या फीडमध्ये पहिली अशी जाहिरात टेस्ट केली ती मायकेल कोर्स या फॅशन ब्रँडने, २०१८ मध्ये, आणि तीसुद्धा गॉगलचीच. आपल्या देशात मात्र दागिन्यांवाले मागे नव्हते, ऑनलाइन दागिने विकणाऱ्या कॅरेटलेनने २०१५ च्या सुमारासच कानातले चेहऱ्यावर घालून बघायची सोय ॲपमध्ये दिली होती, २०१६ ला टायटनने त्यांच्यातला मोठा हिस्सा घेतला. २०२० च्या नोव्हेंबरात फ्लिपकार्टने स्केपिक ही एआरवाली कंपनीच विकत घेतली. पण हे सगळे मोठे, स्वतःची इंजिनिअरांची टीम पोसणारे. सांगली-मिरजेच्या दुकानदाराच्या हातात काय होतं? २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, व्हॉट्सॲपवर फोटो आणि स्टेटसवर रेट, एवढंच.

दार उघडलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. फेसबुकने स्पार्क एआर हे फिल्टर बनवायचं सॉफ्टवेअर इन्स्टासाठी सगळ्यांना खुलं केलं, म्हणजे कुणीही लॅपटॉपवर इन्स्टाचा फिल्टर बनवून टाकू शकतो, फुकट. आणि आपल्याकडं तोच महिना महापुराचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, पेठा पाण्यात, दुकानात चिखल, त्या महिन्यात इथं कुणाला फिल्टर सुचणार होता. त्यातून सावरतोय तोवर २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन, जूनच्या शेवटी टिकटॉक बंद, जुलैत इन्स्टाने रील्स आणले. आमच्या इकडची दुकानं इन्स्टावर आली ती या सगळ्यात ढकलली जाऊन, हौसेने नाही. दुकान बंद, लग्न मात्र पन्नास माणसांत का होईना चालू, आणि मुलीला नथ तर लागणारच, मग व्हिडिओ कॉलवर डबी दाखवा, फोटो पाठवा, आणि कुणीतरी म्हणालं की तो चंद्रकोरीचा फिल्टर असतो तसा आपल्या नथीचा करता येईल का.

इथं आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, बाहेरच्या लोकांना ती माहीत नसते. विटा, खानापूर, आटपाडी भागातली कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते वितळवून शुद्ध करायच्या, धंद्यात देशभर गेलीत, दक्षिणेपासून पार उत्तरेपर्यंत. माणसं तिकडं, पण लग्नाची नथ, ठुशी, मोहनमाळ गावाकडच्या पद्धतीचीच हवी. म्हणजे लांबून खरेदी करणारं आणि सोन्यातलं कळणारं गिऱ्हाईक या जिल्ह्याला आधीपासून आहे. फिल्टर कुणाच्या सगळ्यात उपयोगाचा, तर या घरातल्या मुलींच्या. जाहिरातीच्या पुस्तकात "तरुणाईला आकर्षित करा" वगैरे लिहितात ना, त्यापेक्षा ही गरज कितीतरी खरी आहे.

पण नथ म्हणजे चष्मा नव्हे. इन्स्टाचा फिल्टर ४ एमबीच्या आत बसवावा लागायचा, त्यात मोत्यांचा घोस, मधला लाल खडा, सोन्याची तार हे सगळं कोंबायचं म्हणजे तपशील कापायलाच लागतो, आणि सराफाचा जीव नेमका त्या तपशिलात. सोनं चमकतं ते आजूबाजूचा उजेड त्यात पडतो म्हणून, फिल्टरमध्ये तो उजेड खोटा द्यावा लागतो, नीट नाही दिला तर २२ कॅरेटची वस्तू पिवळ्या प्लॅस्टिकसारखी दिसते. मग बाजूचा घोळ. आपल्याकडं नथ डाव्या नाकपुडीत, दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी चमकी उजवीकडं, त्यात सेल्फी कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो आणि सेव्ह करताना कधी सुलटं करतो, म्हणजे घातली डावीकडं आणि फोटोत उजवीकडं. असा फोटो आजीला पाठवला की आजी पहिला प्रश्न हाच विचारते. झुमक्यांचं तर अजून अवघड, फेस मेश या गुगलच्या चेहरा ओळखायच्या तंत्रात चेहऱ्यावर ४६८ पॉइंट सापडतात पण कान त्यात धड येतच नाहीत, जबड्यावरून अंदाज बांधायचा, आणि केस मोकळे असतील तर झुमका केसांवर तरंगतो. ठुशी गळ्यालगत बसायला हवी, ती हनुवटी हलली की सरकते, पदर आडवा आला की पदरावरून दिसते. बांगड्या आणि अंगठीसाठी हात ओळखायचं तंत्र वेगळं, एका हाताचे २१ पॉइंट, ते चेहऱ्यानंतर आलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे की दागिन्यांचा फिल्टर आकार आणि स्टाइल ठरवायला उत्तम, किंमत ठरवायला अजिबात नाही. मोठी पेशवाई नथ आपल्या चेहऱ्याला जड दिसेल का, बारीक बरी का, एवढं त्याने चांगलं कळतं. वजन, मजुरी, मोती खरे की कल्चर्ड, काही कळत नाही. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक वस्तूचा वेगळा नंबर, लागतो, आणि ज्या सोन्याच्या वस्तूला तो आहे तिथं फिल्टरच्या पोस्टखाली वजन आणि तो नंबर दोन्ही लिहिले पाहिजेत असं मी प्रत्येक दुकानदाराला सांगतो. बेन्टेक्स किंवा एक ग्रॅमवाल्यांनीही वस्तूची मापं सेंटिमीटरमध्ये लिहावीत, कारण फिल्टरमध्ये ओठापर्यंत दिसलेली नथ कुरियरमधून हरभऱ्याएवढी निघाली की ते गिऱ्हाईक परत येत नाही, आणि त्यात तिची काहीच चूक नसते.

पुढं झालं ते बऱ्याच छोट्या लोकांना जिव्हारी लागलं. मेटाने (फेसबुक कंपनीचं नवीन नाव) २०२४ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं आणि १४ जानेवारी २०२५ ला स्पार्क बंद केलं, बाहेरच्या लोकांनी बनवलेले सगळे फिल्टर इन्स्टा-फेसबुकवरून गेले. ब्रँडचे गेले, हौशी पोरांचे गेले, चंद्रकोर, फेटा, नथ सगळे. ज्या दुकानांनी पैसे देऊन करून घेतले होते त्यांच्या प्रोफाइलवर नुसत्या जुन्या रील्स राहिल्या. साडेपाच वर्षांपूर्वी फुकट दिलेली गोष्ट साडेचार महिन्यांच्या नोटिशीत काढून घेतली, आणि त्यात बसलेली मेहनत कुणी मोजली नाही याचं मला आजही वाईट वाटतं. स्नॅपचॅटचं लेन्स स्टुडिओ, २०१७ च्या डिसेंबरपासूनचं, ते चालू आहे, पण आमच्या इकडच्या लग्नाच्या खरेदीतल्या आया-मावशा तिथं नाहीत.

चेहऱ्याच्या माहितीचा प्रश्नही याच काळात वर आला. अमेरिकेत इलिनॉय राज्याचा २००८ चा बायोमेट्रिक कायदा आहे, चेहऱ्याची मापं न विचारता घेतली म्हणून तिथं फेसबुकला ६५ कोटी डॉलर मोजावे लागले, ते फोटोत माणसं ओळखण्यावरून होतं, पण त्यानंतर ट्राय-ऑन देणाऱ्या कंपन्यांवरही केसेस झाल्या. आपल्याकडं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. वेबसाइटवर ट्राय-ऑन लावणाऱ्या दुकानदाराने चेहरा फोनवरच प्रोसेस होतो की कुठल्या सर्व्हरवर जातो हे बनवणाऱ्याकडून लिहून घ्यावं, आणि गिऱ्हाइकाला मराठीत सांगावं.

आता दोन रस्ते दिसतात. एक, ब्राउझरमध्येच चालणारा एआर, लिंक व्हॉट्सॲपवर टाकायची, ॲप नको, इन्स्टा नको. दुसरा, एआयने फोटोवर दागिना चढवायचा, गुगलने २०२३ मध्ये कपड्यांसाठी तसं अमेरिकेत सुरू केलं होतं. दागिन्यांना हा दुसरा रस्ता मला धोक्याचा वाटतो, कारण एआय मोती मोजत नाही, पाचाचे सात करतं, खड्याचा रंग बदलतं, आणि दुकानात नसलेलीच वस्तू सुंदर करून दाखवतं. पहिल्यात निदान आपल्याच नथीचं थ्रीडी मॉडेल असतं. आणि हे मॉडेल कुणाकडूनही करून घेतलं तरी त्याची जीएलबी फाईल आणि आयफोनसाठीची यूएसडीझेड फाईल पेनड्राइव्हवर स्वतःच्या ताब्यात घ्या, बिलावर तसं लिहून घ्या, कारण स्पार्क बंद झाल्यावर ज्यांच्याकडं मूळ मॉडेल होतं त्यांना दुसरीकडं फक्त बसवण्याचा खर्च आला, आणि ज्यांच्याकडं नुसती फिल्टरची लिंक होती त्यांना पहिल्यापासून नथ मोजून घ्यावी लागली.