डेटिंग आणि लग्नाच्या साइटवरची फसवणूक (नाशिक)

डेटिंग ॲपवर किंवा लग्न जुळवायच्या साइटवर खोटं प्रोफाइल टाकून समोरच्याला आधी जीव लावायचा आणि मग त्याच्याकडून पैसे काढायचे, याला रोमान्स स्कॅम म्हणतात. नाशिकमध्ये यात फसणाऱ्यांत कॉलेज रोडवर शिकणारी पोरं येतात, सातपूर-अंबडला नोकरी करणारे येतात, आणि चाळिशी-पन्नाशीचे घटस्फोटित किंवा जोडीदार गेलेले लोकही येतात. या शेवटच्या लोकांची काळजी जास्त वाटते, कारण त्यांच्याकडे पीएफ, एफडी असं काहीतरी साठलेलं असतं आणि घरी मुलांना सांगायची लाज वाटते म्हणून ते एकटेच सगळं सहन करत बसतात.

सुरुवातीचे काही आठवडे पैशाचा विषयच निघत नाही, म्हणून तर विश्वास बसतो. रोज गुड मॉर्निंग, जेवलीस का, आईचं बीपी कसंय, एवढंच चालू असतं, आणि याच काळात गप्पा ॲपवरून व्हॉट्सॲप नाहीतर टेलिग्रामवर नेल्या जातात, कारण ॲपवर कुणी तक्रार केली तर प्रोफाइल बंद होतं. सोंगं ठरलेली असतात, लंडनचा डॉक्टर, समुद्रातल्या तेलाच्या रिगवरचा इंजिनियर, आर्मी ऑफिसर. देवळालीला तोफखान्याचं मोठं ट्रेनिंग सेंटर असल्यामुळे नाशिककराला आर्मीवाला खरा वाटणं साहजिक आहे, पण ‘देवळालीला पोस्टिंग आहे’ म्हणणारा माणूस महिनोन्‌महिने भेटत नाही आणि व्हिडिओ कॉललाही परवानगी नाही सांगतो, तर तिथंच थांबावं. देवळाली कॅम्प नाशिक रोड स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे, ज्याला भेटायचंय तो सुट्टीच्या दिवशी येतो.

पैसे काढायच्या पद्धती मोजक्याच आहेत. जुनी म्हणजे पार्सल: परदेशातून गिफ्ट पाठवलंय, ते दिल्ली एअरपोर्टला अडकलंय, ड्युटी भरा असा कस्टम्सच्या नावाने फोन येतो. खरं कस्टम खातं कुणाच्या पर्सनल खात्यात ड्युटी मागत नाही आणि त्यांच्या पत्रावर डीआयएन (त्या पत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) असतो, तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम खातं ज्या केंद्रीय बोर्डाखाली येतं त्याच्या साइटवर टाकून तपासता येतो. दुसरी ट्रेडिंगची, आणि ही सगळ्यात वाईट, कारण यात माणूस स्वतःहून जास्त जास्त पैसे टाकत जातो: ‘मी क्रिप्टोत कमावते, तुलाही शिकवते’ म्हणून एक खोटं ॲप दिलं जातं, पहिल्यांदा थोडा नफा खरंच खात्यात येतो, मग मोठी रक्कम टाकली की काढण्याआधी टॅक्स भरा म्हणतात, तो भरला की आणखी एक फी. असे बरेच अड्डे म्यानमार, कंबोडियात चालतात आणि तिथे चॅट करायला बसवलेली कित्येक पोरंही डेटा एन्ट्रीच्या नोकरीचं आमिष दाखवून नेलेली असतात, त्यात भारतीयही आहेत. तिसरी न्यूड व्हिडिओ कॉलची, रेकॉर्डिंग करून धमकी द्यायची आणि मग खोट्या पोलिसाचा फोन. यात एकदा पैसे दिले की मागणी वाढतच जाते. व्यक्ती अठरा वर्षांवरची असेल तर स्टॉप एनसीआयआय या मोफत साइटवर फोटो-व्हिडिओचा डिजिटल ठसा (फाइलवरून बनणारा कोड) देता येतो, त्यावरून सोशल मीडिया कंपन्या तो पसरण्यापासून अडवू शकतात, मूळ फाइल आपल्याच फोनमध्ये राहते.

ओळखायचं कसं, तर प्रोफाइलचा फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघावा, दुसऱ्याच नावाने सापडला तर विषय संपला. सापडला नाही म्हणून माणूस खरा असं मात्र नाही, आता एआयने फोटो बनतात आणि व्हिडिओ कॉलवरचा चेहराही बनतो. म्हणून भरदिवसा, गर्दीच्या कॅफेत, आपल्या गाडीने जाऊन भेटणंच बरं. लग्नाचं स्थळ असेल तर आपल्याकडची चौकशीची पद्धत, म्हणजे घर बघणं, ऑफिसात विचारणं, पाहुण्यारावळ्यांकडून माहिती काढणं, ती साइटवर जुळलंय म्हणून सोडू नये. भेट होण्याआधी पैशाची गोष्ट निघाली, मग ती मदत असो की गुंतवणूक, तर तो स्कॅमच धरावा. ‘माझे पैसे तुझ्या खात्यात घे आणि पुढे पाठव’ हेही करू नये, ते पैसे दुसऱ्या कुणाला फसवून आलेले असतात आणि खातं गोठवलं जाऊन चौकशी आपलीच होते.

पैसे गेले तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सरकारी सायबर हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवली जाते, लवकर कळवलं तर बँक ती मधेच होल्ड करू शकते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही होते. नाशिक शहराचं सायबर पोलिस ठाणं आहे, निफाड-सिन्नरकडच्यांनी ग्रामीण पोलिसांकडे जावं. चॅट डिलीट करू नका, व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेच्या मेसेजमध्ये किंवा ॲपमध्ये दिसणारा व्यवहार क्रमांक) आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा. कायद्यात आयटी ॲक्टचं कलम 66 डी लागतं (3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड), शिवाय भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318.

आणि पैसे गेल्यावर काही दिवसांनी ‘तुमची रक्कम परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारा एखादा वकील किंवा सायबर एक्स्पर्ट फोन करतो, हा बहुतेक त्याच टोळीचा असतो नाहीतर तिच्याकडून नंबर विकत घेतलेला. तक्रारीचं पुढे काय झालं ते पोर्टलच्या पावती नंबरवर आणि पोलिस ठाण्यातच कळतं, त्यासाठी फी लागत नाही.